मोबाईल काढून घेताना रोजचा तमाशा - तुमच्याकडे काय उपाय चालतो?

झोपेची_उधारी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहायची वेळ आलीच. लेक सव्वातीन वर्षांची. आम्ही दोघंही नोकरी करतो, दिवसा आजी-आजोबा असतात आणि संध्याकाळी मी आल्यावर स्वयंपाक उरकेपर्यंत तिला मोबाईलवर कार्टून लावून देते, साधारण पाऊण तास. तो पाऊण तास घरात जी शांतता असते ती मला हवीच आहे, त्यावर उपदेश नको प्लीज. माझा प्रश्न त्या पाऊण तासानंतरचा आहे. मी आधीपासून सांगत असते की दहा मिनिटं राहिली हं, पाच राहिली हं, आता शेवटची दोन, ती मान पण डोलावते, आणि मोबाईल हातातून घेतला रे घेतला की बाई जमिनीवर आडव्या. पाय आपटणं, किंचाळणं, सगळं. नवरा म्हणतो सरळ हिसकावून घ्यायचा, दोन दिवस रडेल मग गप्प बसेल. सासूबाई म्हणतात अगं राहू दे अजून थोडा वेळ, एवढी रडवू नको. म्हणजे घरात तीन माणसांची तीन धोरणं, आणि कुणाकडे बघून रडायचं हे त्या कार्टीला बरोब्बर कळतं.

तुमच्याकडे हे कसं थांबतं? आणि कृपा करून "आम्ही तर देतच नाही" लिहायला येऊ नका.

रिकामटेकडा
आम्ही तर देतच नाही.

(मूल नाहीये. हलके घ्या.)

टीव्हीमुक्त
मी मात्र लिहिणारच. आम्ही टीव्ही काढून टाकला, मुलांसमोर मोबाईल बाहेर काढायचाच नाही असा नियम केला. सुरुवातीला जड गेलं, आता दोघं आपापली खेळतात. इच्छाशक्ती पाहिजे फक्त.

झोपेची_उधारी
संध्याकाळी सात वाजता इच्छाशक्ती संपलेली असते हो.

पुढेमागे
@टीव्हीमुक्त, दिवसभर मुलांपाशी घरी कोण असतं तेही लिहा की.

टीव्हीमुक्त
बायको असते. का?

पुढेमागे
काही नाही, तिलाही एक आयडी काढून द्या. तिचा प्रतिसाद वाचायला आवडेल.

दोघांचा_बाप
ताई, ते "पाच मिनिटं राहिली" काही दिवस बंद करून बघा. उलटं वाटेल, कारण जो तो इशारा द्या म्हणूनच सांगत असतो. पण २०१६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या अ‍ॅलेक्सिस हिनिकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या घरी स्क्रीन बंद करताना नक्की काय होतं याच्या नोंदी आईबापांकडून ठेवून घेतल्या, आणि त्यात दोन मिनिटं आधी सूचना दिलेल्या वेळी रडारड कमी व्हायच्या ऐवजी जास्तच निघाली. त्यांनाही अपेक्षित नव्हतं ते. पण विचार केला तर पटतं. पाच मिनिटं म्हणजे किती हे तिला कुठून कळणार? तिला एवढंच कळतं की आई मध्येच येऊन काहीतरी वाईट होणार असं सांगून गेली, आणि नंतर खरंच ऐन रंगात आलेलं बंद केलं.

त्याच अभ्यासात हेही दिसलं की जिथे मुळात थांबायची जागा आहे तिथे थांबलं, किंवा रोजच्या क्रमात बसलेलं असलं, किंवा बॅटरी संपली, नेट गेलं असं यंत्रानेच थांबवलं तर मुलं बऱ्यापैकी ऐकतात. आईशी भांडता येतं, संपलेल्या बॅटरीशी काय भांडणार.

आता एक करा, उद्या तिच्या शेजारी बसून एपिसोड संपताना तिच्याकडे बघा, स्क्रीनकडे नको. शेवटचं गाणं सुरू होतं, नावं वर सरकायला लागतात, पोर एक श्वास सोडते, खांदे सैल पडतात, नजर जरा इकडेतिकडे फिरते, कधी कधी तेव्हाच शू लागल्याचं आठवतं. ते चार-पाच सेकंद ती मोबाईल द्यायला तयार असते. आणि नेमकं तेव्हाच पुढच्या व्हिडिओचं चित्र येतं आणि त्यावर ती सेकंदं उलटी मोजायला लागतात. ती संपली की खांदे परत वर. पुढचं भांडण तिथे ठरलं. त्यामुळे पहिलं काम म्हणजे ऑटोप्ले बंद, बाकी सगळं नंतर.

शंकेखोर
अभ्यास थोड्याच घरांचा होता हेही लिहा. बाकी निरीक्षण मान्य. माझा मूळ प्रश्न वेगळा आहे, हे जे सगळीकडे "रोज एक तास" म्हणतात तो एक तास आला कुठून? अठ्ठावन्न मिनिटं अमृत आणि बासष्ट मिनिटं विष असं काही आहे का?

बोलकी_बाहुली
मी लहान मुलांसोबत वाचा-भाषेवर काम करते, म्हणून थोडं लांब लिहितेय.

एक तास हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या एप्रिल २०१९ च्या सूचनांमध्ये आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नको, एक वर्षाच्या मुलालाही नको, दोन ते चार वर्षांपर्यंत फार तर तासभर आणि कमी असेल तेवढं बरं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये जवळपास हेच सांगितलं होतं, दीड वर्षापर्यंत व्हिडिओ कॉल सोडून काही नको, दोन ते पाच वर्षांना तासभर. शंकेखोर यांची शंका रास्त आहे, कारण हाताशी असलेला पुरावा कमी प्रतीचा आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अहवालात स्पष्ट लिहिलंय. आणि ब्रिटनच्या बालरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने जानेवारी २०१९ मध्ये तासांची मर्यादा द्यायलाच नकार दिला. त्याऐवजी त्यांनी आईबापांना प्रश्न दिले: घरातला स्क्रीनचा वापर आपल्या ताब्यात आहे का, तुम्हाला एकत्र जे करायचंय त्याच्या आड तो येतो का, झोपेच्या आड येतो का, आणि बघताना सारखं काहीबाही खाणं चालू राहतं का. मला हे प्रश्न घड्याळापेक्षा कामाचे वाटतात.

मात्र दोन वर्षांच्या आतल्या मुलांबाबतीत मी कडक आहे. बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन चिनी ऐकवली. काहींसमोर ती भाषा बोलणारी माणसं स्वतः बसून खेळत बोलली, काहींना तशाच माणसांचे व्हिडिओ दाखवले. समोर बसलेल्या माणसाकडून बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. व्हिडिओतून काही म्हणजे काही नाही. "अहो पण तो ए टू झेड व्हिडिओवरनंच शिकला" म्हणणारे पालक माझ्याकडे रोज येतात. पाठ झालंय, कबूल. पण पाणी हवंय हे सांगायला तो अजून हात धरून ओढतच नेतो.

पुढेमागे
आमच्या ओळखीत एका मुलाला मोबाईलमुळे ऑटिझम झाला म्हणतात. व्हर्च्युअल ऑटिझम. खरं असतं का हे?

बोलकी_बाहुली
नाही. ते अधिकृत निदान नाही, व्हिडिओवाल्यांनी गाजवलेला शब्द आहे. मोबाईलमुळे ऑटिझम होतो असं सिद्ध झालेलं नाही. या शब्दाने दोन बाजूंनी नुकसान होतं, एक तर आईच्या डोक्यावर फुकटचं खापर फुटतं, आणि दुसरं म्हणजे "मोबाईल बंद केलाय, आता येईल बोलायला" म्हणत लोक सहा-सहा महिने वाट बघत बसतात. हाक मारल्यावर बघत नसेल, बोट दाखवून वस्तू दाखवत नसेल, दीड वर्षाचं होऊन एकही शब्द नसेल तर मोबाईल बंद कराच, पण त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना गाठा आणि कान तपासून घ्या. कानाची तपासणी तर लोक विसरतातच.

आजीचा_चष्मा
नातवंडं सांभाळणाऱ्यांपैकी कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. तुम्ही सगळे संध्याकाळचा हिशोब मांडताय, दिवस आमच्या अंगावर असतो. गुडघे धरलेले, पोर चार वर्षांचं, त्याच्यामागे पळणार कोण? लेक ऑफिसातून फोन करून विचारते "आई, मोबाईल नाही ना दिलास?" आणि मला चोरी केल्यासारखं होतं. नियम करताना आम्हालाही बसवा ना सोबत.

मी माझ्यापुरतं ठरवलंय की मोबाईल नाही, टीव्ही. टीव्ही भिंतीवर असतो, तो काय बघतोय ते मला स्वयंपाकघरातूनही ऐकू येतं, रिमोट माझ्या कमरेला. आणि तो लांब बसतो, डोळ्याला लावून बसत नाही. मी पण सोबत बघते आणि मध्ये मध्ये मुद्दाम चुकीचं बोलते, की अगंबाई हा हत्ती निळा का रे. मग तो मला शिकवत बसतो.

झोपेची_उधारी
काकू, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. "बघ, शहाण्या बाईने लिहिलंय" म्हणाल्या. आता त्यांनाही रिमोट कमरेला हवाय.

बोलकी_बाहुली
आजी, ते मुद्दाम चुकीचं बोलायचं मी उद्यापासून पालकांना सांगणार, फी मागू नका. खरंच, सोबत बसून बोलत बघणं आणि एकट्याने बघणं यात खूप फरक आहे.

चष्मेवाली
डोळ्यांचं थोडं. मी याच क्षेत्रात आहे. टीव्ही लांब असतो म्हणून बरा, हे आजींचं बरोबर. पण नुसतं मोबाईल काढून घेऊन पोराला घरातच बसवलं तर अर्धंच काम झालं, कारण मायोपिया म्हणजे लांबचं न दिसण्याचा नंबर लागू नये म्हणून सगळ्यात ठोस पुरावा आहे तो बाहेरच्या उजेडाचा. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर काढली आणि तीन वर्षं बघितलं, बाहेर जाणाऱ्या गटात सुमारे ३० टक्के मुलांना मायोपिया आला आणि दुसऱ्या गटात ३९ टक्क्यांच्या वर. २०१५ चा अभ्यास आहे. त्यामुळे स्क्रीनची मिनिटं मोजायची ताकद निम्मी तरी बाहेर नेण्यात घाला. ढगाळ असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्यापेक्षा कैक पटींनी जास्त असतो.

निळा प्रकाश अडवणारे म्हणून मिळणारे चष्मे विकत घेऊ नका मुलांना, पैसे वाया.

शंकेखोर
आणि झोप? त्याबद्दल तरी एकमत आहे का तुमच्यात?

चष्मेवाली
झोपेबद्दल बऱ्यापैकी आहे. लहान मुलांच्या डोळ्यात उजेड जास्त शिरतो. कोलोरॅडो विद्यापीठात २०१८ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपायच्या आधी तासभर प्रखर उजेडाच्या टेबलावर खेळवलं तर मेलाटोनिन, म्हणजे शरीराला झोपेची वेळ झाली सांगणारं संप्रेरक, सरासरी ८८ टक्क्यांनी खाली गेलं. मोबाईलचा उजेड तेवढा नसतो, पण तो तोंडापुढे धरतात, आणि वर बघितलेल्या गोष्टीने डोकं तापलेलं असतं ते निराळंच. झोपेआधीचा तासभर स्क्रीन नको, एवढं एक पाळलंत तरी खूप.

दोघांचा_बाप
जेवणाबद्दल कुणीच काही बोललं नाही अजून? सगळ्यांच्या घरी तीच बोंब आहे ना? तोंडासमोर मोबाईल, पोर आ करतंय, आपण घास कोंबतोय, त्याला चव कळत नाही आणि पोट भरल्याचंही कळत नाही. आमच्या मोठ्याचं हे सोडवायला फार वेळ गेला. उपाय साधा पण जिवावर येणारा, एक-दोन वेळा कमी जेवला तर जेवू द्यायचा. भूक लागली की खातो. मात्र वजन मुळातच कमी असेल तर डॉक्टरला विचारून करा, माझ्या भरवशावर नको.

बोलकी_बाहुली
+१. आणि हाच धागा जरा पुढे नेते. माझ्या मते किती वेळ यापेक्षा कशासाठी दिला हे बघा. रोज ठरल्या वेळी लागणारं कार्टून वेगळं आणि रडलं की दिलेला मोबाईल वेगळा. मिशिगनच्या जेनी रॅडेस्की यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात, शांत करायला वारंवार मोबाईल दिला जातो त्या मुलांचा, त्यातही मुलग्यांचा आणि मुळात तापट मुलांचा, चटकन भडकण्याचा स्वभाव पुढच्या काही महिन्यांत वाढलेला दिसला. भडकणाऱ्याला जास्त दिला जातो हेही आहेच, चक्र आहे ते. पण राग आला की काय करायचं हे शिकायची वेळ नेमकी तीच असते आणि तेव्हाच आपण समोर चित्र धरतो.

म्हणून उधारीताई, तुमचा पाऊण तास मला अजिबात खुपत नाही. मोबाईल घेतल्यावर ती रडली म्हणून सासूबाई तो परत देतात, ती पाच मिनिटं खुपतात. पाऊण तासाचा सव्वा तास करायचा असेल तर खुशाल करा, पण ती हसत असताना करा.

झोपेची_उधारी
शेवटचं वाक्य फ्रिजवर चिकटवतेय.

रिकामटेकडा
आणि नवऱ्याच्या हिसकावण्याबद्दल कुणी बोलणार का?

दोघांचा_बाप
हिसकावलं की मूल एवढंच शिकतं की पुढच्या वेळी घट्ट धरायचं. झालं बोलून.

कोडवाला
सेटिंगबद्दल थोडं. यूट्यूब किड्समध्ये पालकांच्या भागात टायमर आहे, वेळ संपली की अ‍ॅप आपलं आपण बंद होतं. ऑटोप्ले तिथेच बंद करता येतो. त्याहून भारी म्हणजे "फक्त मंजूर केलेलं" हा पर्याय, त्यात तुम्ही निवडलेले व्हिडिओच दिसतात, शोधायची सोय राहत नाही. आयफोन असेल तर गाइडेड अ‍ॅक्सेसमध्ये वेळ लावा, अँड्रॉइडवर गूगलचं फॅमिली लिंक अ‍ॅप. पासवर्ड म्हणून जन्मतारीख ठेवू नका, आमचं रत्न साडेचार वर्षांचं आहे आणि बोटं कुठे फिरतात ते बघून ठेवतं.

पुढेमागे
आणि घरातला तो अखंड चालणारा बातम्यांचा टीव्ही? आमचे सासरे सकाळपासून लावून बसतात. मूल बघत तर नाही, मग चालेल ना?

बोलकी_बाहुली
मूल बघत नाही हे खरं, तरी खेळ तुटतो. २००८ मध्ये एक ते तीन वर्षांच्या मुलांना खेळणी दिली आणि मागे मोठ्यांचा एक प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम लावून ठेवला. मुलं त्याकडे जेमतेम काही सेकंद बघत, पण प्रत्येक खेळण्याशी कमी वेळ रमली. शिवाय मागे टीव्ही असला की मोठी माणसंही मुलाशी कमी बोलतात. माझ्याकडे येणाऱ्या घरांमध्ये बऱ्याचदा मोबाईलपेक्षा हाच टीव्ही जास्त तास खातो आणि स्क्रीनटाइम विचारला तर तो कुणी मोजतच नाही. सासऱ्यांना कसं सांगायचं ते मात्र मला विचारू नका.

आजीचा_चष्मा
त्यांना हेडफोन आणून द्या. बंद करा म्हणालात तर मानापमान होईल, भेट दिलीत तर मिरवतील.

पुढेमागे
काकू _/\_

झोपेची_उधारी
अपडेट देते. ऑटोप्ले बंद, मोबाईलऐवजी टीव्ही, इशारे देणं बंद. सुरुवातीलाच तिला विचारते कुठले दोन बघायचे, ती निवडते, दुसरा संपला की रिमोटचं लाल बटण तिनेच दाबायचं आणि लगेच माझ्याकडे ओट्यापाशी यायचं, तिथे तिच्यासाठी चमचे पुसायचं काम राखून ठेवलेलं असतं. रडणं संपलं असं म्हणणार नाही, परवाच एकदा बटण दाबून मग रडली, पण आडवं पडणं बंद झालंय आणि सासूबाई आता स्वतःहून "दोन झाले ना गं?" विचारतात. नवरा बटण दाबण्याच्या वेळी घरी नसतो, त्यामुळे त्याचं धोरण आपोआप रद्द.

नवीन अडचण म्हणजे कार्टीला कळलंय की काही व्हिडिओ मोठे असतात. "मोठ्ठा लाव" म्हणते आणि ते तासाभराचं तीस गाण्यांचं गाठोडं बरोबर बोट ठेवून दाखवते.

कोडवाला
ते एकत्र जोडलेले व्हिडिओ मुद्दामच तसे बनवलेले असतात, त्यात थांबायची जागाच नसते, एक गाणं संपायच्या आत दुसऱ्याची सुरावट सुरू. मंजूर यादीत ते ठेवूच नका. सुटे, दहा-बारा मिनिटांचे एपिसोड डाउनलोड करून ठेवा, म्हणजे नेटचीही गरज नाही. आणि हळू चालीचे निवडा. भडाभडा चित्रं बदलणारं बघितल्यावर पोरं उगाचच उधळलेली असतात, स्वतः ताडून बघा.

एकटी_जीव
सगळं वाचलं. छान आहे पण मी आणि माझा अडीच वर्षांचा मुलगा असे दोघंच घरात, काम घरून करते, मीटिंग सुरू असताना तो दाराशी रडतो. आजी नाहीत, कुणीच नाही. काही दिवस दोन-अडीच तास होतात. मी काय करू?

बोलकी_बाहुली
आधी तर, कुठल्या मीटिंगला तुमचं खरंच बोलणं असतं ते बघा आणि स्क्रीन तेवढ्या वेळेसाठी राखून ठेवा, म्हणजे तो सकाळी चहा होईपर्यंत म्हणून सहज खर्च होणार नाही. नुसतं ऐकायच्या मीटिंगला कानात इअरफोन घालून त्याच्यासोबत जमिनीवर बसलात तरी चालतं, कॅमेरा बंद. थोडी खेळणी कपाटात लपवून फक्त मीटिंगच्या वेळी बाहेर काढा, नवी वाटतात. आणि दोन-अडीच तास झाले त्या दिवशी रात्री नेहमीच्या वेळी झोपला, दिवसात थोडं बाहेर नेलंत आणि तुमच्याशी बडबडला, तर त्या दिवसाचा हिशोब करत बसू नका.

दोघांचा_बाप
गोष्टींचे ऑडिओ पण वापरून बघा, छोटा स्पीकर असला तरी पुरे. पडदा नाही, हात मोकळे, पोर ठोकळे लावता लावता ऐकतं. आमच्या धाकट्याला सुरुवातीला नुसता आवाज कंटाळवाणा वाटला, मग मी आधी तीच गोष्ट स्वतः सांगायचो आणि नंतर लावून द्यायचो, तेव्हा बसायला लागला.

एकटी_जीव
हे करून बघते. पण तो खरंच ऐकतोय की मागे नुसतं वाजतंय हे कसं कळणार? मघाशी त्या बातम्यांच्या टीव्हीचं वाचलं म्हणून विचारतेय.

दोघांचा_बाप
रात्री तीच गोष्ट तुम्ही सांगा आणि मध्येच सशाऐवजी कोल्हा म्हणा. ऐकली असेल तर झोपेतून उठून चूक सुधारेल. नसेल तर बंद करून टाका, उगाच वाजत ठेवू नका.